मांजराला कांदा चोळू नका, आणि उन्हाळ्यातले बाकीचे प्रश्न

एप्रिल लागला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम मांजरांकडे वळतात. कुत्रेवाले वर्षभर लिहितात, मांजरवाले उन्हाळ्यात जागे होतात. या वेळी इतकी पत्रं आली की सारख्या सारख्या प्रश्नांतलं एकेकच घेतलंय, आणि लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत, मांजरांची ठेवलीत. मी जनावरांची डॉक्टर, त्यामुळे भाषा थोडी दवाखान्यातली येते, सांभाळून घ्या. बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच विचारलंय, की उन्हाळ्यात आपण स्वतःसाठी जे जे करतो ते मांजराला करू का, आणि निम्म्याहून जास्त वेळा माझं उत्तर 'नको' असंच आहे, का ते खाली येईलच.

प्रश्न : आम्ही अकोल्याला वरच्या मजल्यावर राहतो, वर टिनाचं छप्पर. आमची मनी चार वर्षांची, साधी गावठी. सध्या दिवसभर मोरीत पडून असते, खाते पण कमी, संध्याकाळी सातनंतर उठून मग घरभर फिरते. कूलर लावलाय पण त्याच्यासमोर बसायला तयार नाही. आजारी तर नाही ना? – मनीचे आजोबा

आजोबा, मनीचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे तुम्हाला मी काय सांगणार, त्यात टिनाखालच्या खोलीत सगळ्यात गार जागा कुठली हे तिनं बरोबर शोधलंय. मांजराचं नॉर्मल तापमान 38 ते 39.2 डिग्री सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच, आणि घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. मग उरतं काय, तर अंग चाटायचं, ती थुंकी वाळताना जो गारवा मिळेल तो घ्यायचा, आणि गार फरशीला पोट लावून पडून राहायचं. घरातलं मांजर ज्या आफ्रिकेतल्या-अरबस्तानातल्या रानमांजरापासून आलं ते पण दुपारी हेच करतं, शिकार पहाटे नाहीतर दिवे लागल्यावर. त्यामुळे दिवसा झोप आणि संध्याकाळी सातनंतर गोंधळ हे वेळापत्रक तिचं बरोबर आहे, आपलंच दुपारी बाराला जेवायला बोलवणं चुकीचं. खायला पहाटे पाच-सहाला आणि रात्री नऊनंतर द्या, दुपारचं विसरा. उन्हाळ्यात खाणं थोडं कमी होतंच, पण पूर्ण दिवस काहीच तोंडात घातलं नाही तर मात्र थांबू नका, जाड मांजरांमध्ये उपाशी राहिल्यानं लिव्हरचा त्रास सुरू होतो आणि तो फार वाईट असतो.

आता कूलर. विदर्भातली हवा कोरडी म्हणून तिथे कूलर छान चालतो, पण एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ. मनी समोर बसत नाही ते आवाजामुळे आणि थेट वाऱ्यामुळे, बाजूला कोपऱ्यात एक ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट टाकून ठेवा, पटलं तर बसेल, नाही पटलं तर राहूदे. कूलरला अर्थिंग आहे की नाही हे आजच्या आज बघून घ्या, ओली फरशी आणि कूलरची बॉडी यात दर उन्हाळ्यात माणसं जातात तिकडे, मांजर तर किती छोटं. टिनावर पऱ्हाटी नाहीतर तुराट्या टाकायची पद्धत तुमच्याकडे आहेच, त्यानं खोलीत खरंच फरक पडतो, मनीला आणि तुम्हाला पण.

आणि हो, ती मोरीत झोपते ना, मग मोरीत फिनाईल टाकायचं बंद करा. ओल्या फिनाईलवर मांजर लोळतं, मग तेच अंग चाटतं, आणि त्यातला फिनॉल मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही. ॲसिड तर नकोच नको. साध्या साबणाच्या पाण्यानं घासून भरपूर पाणी मारा, बास.

प्रश्न : सुलतान (पर्शियन, 2 वर्षं, ठाणे) याला उन्हाळ्यात पूर्ण टक्कल करून आणावं असं सगळे म्हणतात. लायन कट म्हणून असतो, दिसतो पण भारी. करू का?

दिसतो भारी हे ज्याला त्याला वाटतं, सुलतानला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवस दिसतं!

केस म्हणजे नुसतं स्वेटर नाही हो, बाहेरची उष्णता आत येऊ न देण्याचं काम पण तेच करतात. अडचण होते ती खालच्या मऊ लोकरीसारख्या थरात गळलेले केस अडकून बसतात त्याची, मग हवा आतपर्यंत पोचत नाही, काखेत आणि मांड्यांमध्ये जटा होतात, त्या जटांखाली कातडी लाल होते, वास येतो. त्यावर उपाय कंगवा. स्टीलचा, थोडा विरळ दातांचा, रोज दहा मिनिटं, टीव्ही बघता बघता करा. पोटाचे आणि मागच्या बाजूचे केस थोडे कमी करून घेतले तर ठीक, पोट फरशीला चांगलं टेकतं. जटा आधीच खूप झाल्या असतील तर मशीननं काढून घ्यायच्या, घरी कात्रीनं नाही, मांजराची कातडी पातळ आणि सैल, जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि कात्री नेमकी तीच कापते. असे टाके घालायला उन्हाळ्यात बरीच गिऱ्हाईकं येतात आमच्याकडे.

सुलतानची खरी काळजी केसांची नाही, नाकाची आहे. पर्शियन, हिमालयन, एक्झॉटिक शॉर्टहेअर या चपट्या तोंडाच्या जातींना नाकपुड्या अरुंद, आतला रस्ता पण आखूड, त्यामुळे श्वासातून उष्णता बाहेर टाकणं जड जातं. शिवाय ठाण्याची हवा. 35 डिग्रीच असेल, पण एवढा दमटपणा की थुंकी वाळतच नाही, मग चाटून उपयोग काय. अकोल्याच्या 45 मध्ये मनी जेवढी तग धरते तेवढा ठाण्याच्या 35 मध्ये सुलतान धरेलच असं नाही. इथे कूलर उपयोगाचा नाही, उलट दमटपणा वाढवतो. दुपारी एसी 26-27 वर लावा, दार थोडं उघडं ठेवा, त्याला गार वाटलं तर तो उठून जाईल. आणि नुसत्या केस कापण्यासाठी कोणी भूल देऊ म्हणालं तर आधी तुमच्या डॉक्टरशी बोला, चपट्या नाकाच्या मांजराला भुलीचा धोका जास्त असतो.

प्रश्न : पाण्यात बर्फ टाकला तर सर्दी होईल का?

नाही. टाका. काही मांजरं तर तो बर्फ फरशीवर काढून खेळत बसतात, खेळूदे.

प्रश्न : आम्ही सांगलीजवळ राहतो. परवा दुपारी आमची ठमी मलूल होऊन पडली होती तर आजीनं ऊन लागलं म्हणून तिच्या पायाला कांद्याचा रस चोळला आणि वर थोडं ताक पाजलं. संध्याकाळी ती बरी झाली, त्यामुळे आजी आता रोज करायचं म्हणतीये. मी नेटवर वाचलं की कांदा चांगला नाही, पण आजीला कोण सांगणार? – ठमीची ताई

अगं, मी सांगते, हे पान आजींना वाचून दाखव.

आजी, माणसाला ऊन लागलं की तळपायाला कांदा चोळायचा, खिशात कांदा ठेवायचा, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय आणि तुम्ही ते मायेनं केलंत. पण माणूस पाय चाटत नाही, ठमी चाटते. पायाला लावलेलं सगळं तासाभरात पोटात. कांद्यातल्या गंधकाच्या पदार्थांनी मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कच्चा असो, भाजलेला असो, भाजीतला असो, नाहीतर पावडर असो. किलोमागे साधारण पाच ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास होऊ शकतो, म्हणजे चार किलोच्या ठमीला वीस ग्रॅम, अर्धा छोटा कांदा पण नाही. एकदा रस चोळला त्यात एवढा गेला नसेल, पण रोज रोज केलं तर साठत जातं. लसूण तर याहून कडक. ताई, तू पुढचे चार-पाच दिवस तिचं लक्षण बघ : हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी लालसर-चहासारखी झाली, जिना चढताना धाप लागली, तर लगेच दवाखान्यात ने आणि कांद्याचं सांग, लपवू नको. लोक लपवतात आणि आम्ही बसतो कावीळ शोधत.

ताकाचं म्हणाल तर विष नाही, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, मग जुलाब, आणि उन्हाळ्यात जुलाब म्हणजे होतं नव्हतं ते पाणी पण गेलं. त्यातून आपलं ताक मीठ, हिंग, जिरं घातलेलं. पन्हं, सरबत, कोकम, यातलं काही नको. तिला गार काही द्यायचंच असेल तर चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, मीठ-हळद-कांदा-लसूण काही न घालता, ते पाणी थंड करून वाटीभर ठेवायचं. ठमी वाटी धुवायला ठेवणार नाही.

याच्याच जोडीला एक गोष्ट, कोणी विचारली नाहीये पण दर उन्हाळ्यात होते. मांजराचं अंग गरम लागतं म्हणून ताप समजून क्रोसिन किंवा डोलो देतात, "लहान मुलाला देतो तेवढीच, अर्धी". पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकायला जे लागतं ते मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतंच. 500 च्या एका गोळीनं चार किलोचं मांजर दगावू शकतं, अर्धीनं सुद्धा. हिरड्या तपकिरी-निळ्या होतात, तोंड सुजतं, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. मांजराचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागणार, वर सांगितलं तसं त्याचं नॉर्मलच आपल्यापेक्षा जास्त.

प्रश्न : डोंबिवलीत परवा भर दुपारी तीन तास लाईट नव्हती, आम्ही दोघं ऑफिसला, घरी फक्त चिकू आणि सगळ्या खिडक्या बंद. आलो तेव्हा तो तोंड उघडून कुत्र्यासारखा हापत होता, लाळ गळत होती. मी घाबरून त्याला फ्रीजमधल्या पाण्यात बुडवला. वाचला तो, पण असं झालं तर नक्की काय करायचं ते एकदा नीट लिहा ना.

लिहिते, आणि हे सगळ्यांनी वाचावं.

कुत्रा हापतो ती त्याची रोजची सवय. मांजर तोंड उघडून हापायला लागलं तर ते कधीच नॉर्मल समजू नका. पिल्लू खूप पळून दमलं आणि मिनिटभर हापून गप्प झालं तर ठीक, पण बसल्या जागी हापतंय म्हणजे एकतर उष्माघात नाहीतर हृदयाचा किंवा दम्याचा आजार, दोन्हीला डॉक्टर लागतो. बाकीच्या खुणा : लाळ, हिरड्या लालभडक, अस्वस्थपणे फिरणं, मग झोकांड्या, उलटी, आणि शेवटी आडवं पडणं किंवा झटके. अंगातलं तापमान 40 च्या पुढे गेलं की धोका सुरू, 41 च्या पुढे आतडी, किडनी, मेंदू सगळ्यालाच मार बसायला लागतो.

करायचं काय. आधी सावलीत, हवेशीर जागी आणा. नळाचं साधं गार पाणी घेऊन पोट, काखा, जांघा, पंजे आणि कान ओले करा, केस नुसते वरवर नाही, बोटांनी उलटे करून कातडीपर्यंत पाणी पोचलं पाहिजे, आणि मग पंखा लावा. पंखा या वेळी फार उपयोगी, एरवी नाही. माणसाला पंख्याखाली गार वाटतं कारण आपला घाम वाळतो, कोरड्या मांजरावर पंखा फिरवला तर गरम हवाच फिरते, ओल्या मांजरावर फिरवला तर काम होतं. यात एक गंमत, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं, ते अंगावर घालून काही होणार नाही, पिंपातलं किंवा माठातलं घ्या.

फ्रीजचं पाणी, बर्फात बुडवणं टाळायचं कारण एकदम गार पाणी लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच अडकते, वर मांजर घाबरून आणखी तापतं ते वेगळं. दुसरं काहीच हाताशी नसताना तुम्ही केलंत, जीव वाचला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, पाच मिनिटांत तो टॉवेलच गरम होतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर धरा, पिलं तर पिलं, सिरिंजनं घशात ओतायचं नाही, फुप्फुसात गेलं तर नवं दुखणं. थर्मामीटर असेल तर शेपटीखालून बघा, 39.5 च्या आसपास आलं की गार करणं थांबवा, नाहीतर उलट्या बाजूला घसरतं. आणि हे सगळं करता करता रिक्षा बोलवा. बरं दिसायला लागलं तरी दाखवायचं, किडनीला झालेला त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. चिकूची रक्ततपासणी केली नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

लाईट जाण्याचं म्हणाल तर घर पूर्ण बंद ठेवून जाऊ नका. बाथरूमचं दार उघडं राहील असं अडकवून ठेवा, पण बादल्या रिकाम्या, कमोडचं झाकण बंद आणि वॉशिंग मशीनचं दार बंद, गार वाटतो म्हणून मशीनच्या ड्रममध्ये झोपणारी मांजरं असतात, मशीन लावायच्या आधी आत हात घालून बघायची सवयच लावून घ्या.

प्रश्न : नाशिक. आमचा बोका 3 वर्षांचा, नसबंदी झालेला, फक्त कोरडं खाणं खातो. दोन दिवस झाले सारखा शू करायला बसतो, थेंब थेंब होते, ओरडतो. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा देतोय. अजून काय देऊ?

काही देऊ नका, मासिक खाली ठेवा आणि आत्ता दवाखान्यात जा. तुम्हाला आम्ही फोन करून हे आधीच सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतोय.

आपल्याला उन्हाळी लागते ती जळजळ, पाणी प्यायलं की बरी होते. बोक्याचं तसं नसतं. त्याची मूत्रनळी टोकाला इतकी अरुंद की बारीक खडे आणि चिकट गाळ यांचं बूच बसतं, मग लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि पूर्ण बंद झालेल्या बोक्याचा दोन-तीन दिवसांत जीव जातो. मांजरीला असं सहसा होत नाही, बोक्यालाच. लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाणं, पाठ कमानीसारखी करून कळ काढणं, शूच्या जागी सारखं चाटणं, यातलं काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचा दवाखाना शोधायचा. लोकांना वाटतं संडास होत नाहीये, आणि एरंडेल पाजतात!

हे उन्हाळ्यातच होतं असं नाही, पण पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि त्रासाला जागा मिळते. हिशोब असा : किलोमागे साधारण 50 मिली, म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाला 200 मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, पाऊचच्या ओल्या खाण्यात 75-80 टक्के. वाळवंटी वंशामुळे मांजराला तहान मुळात कमी लागते, ते पाणी खाण्यातून मिळवायला बनलंय, त्यामुळे नुसत्या कोरड्यावर ठेवलेला बोका नेहमी थोडा कोरडाच राहतो. निदान एक वेळ तरी ओलं द्या. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पसरट, मिशा न टेकतील अशी, खाण्यापासून आणि लिटरपासून लांब. मातीचं परळ सगळ्यात छान, पाणी गार राहतं. काहींना वाहतं पाणी आवडतं, बेसिनच्या नळाखाली बसतात, त्यांच्यासाठी फाउंटन घ्या नाहीतर दिवसातून दोनदा नळ बारीक सोडून द्या, पाणीटंचाई असेल तर खाली भांडं ठेवा.

प्रश्न : याच्या उलट, आमची तेरा वर्षांची म्हातारी खूपच पाणी पितीये. उन्हाळा म्हणून असेल ना? – बेळगाव

थोडं जास्त प्यायली तर उन्हाळा. एका दिवसात किलोमागे 100 मिलीच्या वर जायला लागली तर किडनी, शुगर, थायरॉईड तपासा, या वयात तिन्ही होतात. भांडं मापानं भरा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा, एवढंच करायचंय. पण मोजता मोजता पाणी कमी करू नका.

प्रश्न : पुण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. रात्री गरम होतं म्हणून खिडक्या उघड्या ठेवतो, दोन्ही मांजरं कठड्यावर बसतात. मांजर नेहमी पायावरच पडतं ना?

पायावर पडतं, पण पाय मोडतात. जबडा फुटतो, टाळूला चीर जाते, छातीत हवा भरते. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयानं इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद 1987 मध्ये छापली, त्यात उपचार मिळालेल्यांपैकी 90 टक्के जगली, आणि तेव्हापासून तो आकडा सगळीकडे फिरतोय. पण जी जागेवर गेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार, ती त्या हिशोबात येतच नाहीत. गरमीच्या दिवसांत या केसेस वाढतात कारण साधं आहे, खिडक्या उघड्या असतात, पलीकडे पारवे बसलेले असतात, आणि झोपेत कड बदलताना मांजर पण घसरतं.

पारव्यांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते पण मांजर दाढेनं कुरतडतं, आणि उन्हानं दोन-तीन वर्षांत ती ठिसूळ होते, अधूनमधून ओढून बघा. स्टीलची बारीक जाळी सगळ्यात चांगली. नुसते उभे गज पुरेसे नाहीत, डोकं गेलं की मांजर जातं.

प्रश्न : पांढरा बोका, रोज सकाळी गच्चीत ऊन खातो. कानाची टोकं लाल होऊन खपल्या धरल्यात. खोबरेल लावलं तर?

तेलानं जाणार नाही, डॉक्टरला दाखवा. पांढऱ्या मांजरांच्या कानाच्या टोकाला आणि नाकाला उन्हानं भाजून पुढे कॅन्सर होतो, लवकर दाखवलं तर कानाचं टोक काढून निभावतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गच्ची बंद. आपलं सनस्क्रीन लावू नका, त्यातलं झिंक आणि सॅलिसिलेट चाटून पोटात जातं.

प्रश्न : रत्नागिरी. उन्हाळ्यात पिसवा आणि गोचिड फार. कुत्र्याला मानेवर टाकायचं औषध उरलंय, त्यातलं अर्धं मांजराला चालेल ना? शिवाय मांजराच्या ताटलीला मुंग्या लागतात, तिथे खडू मारला तर?

दोन्हीला नाही. कुत्र्याच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला थरथर आणि झटके येतात, अर्ध्या डोसनं पण. चुकून टाकलं असेल तर भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन काढा आणि लगेच दवाखाना. मुंग्यांच्या खडूत त्याच घराण्यातलं औषध असतं, आणि मांजर त्या रेषेवरून चालून पंजे चाटतं. मुंग्यांसाठी आजीचाच उपाय, परातीत पाणी घालून मधोमध ताटली. ओलं खाणं उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तासच बाहेर ठेवा, उरलेलं उचला, म्हणजे मुंग्याही कमी आणि जुलाबही.

प्रश्न : मे महिन्यात आठ दिवस गावी जायचंय, पुण्याहून लातूर. मांजर बरोबर न्यावं की घरी ठेवावं?

घरी ठेवा, रोज दोनदा येणारं कोणी मिळालं तर. मांजराला माणसांपेक्षा घर जवळचं असतं, ऐकायला कसंतरी वाटतं पण खरंय. येणाऱ्याला फक्त खाणं-पाणी नाही, "एकदा डोळ्यानं बघून जा, कसं श्वास घेतंय, शू झाली का" एवढं सांगून ठेवा, मांजराचा फोटो मागवायचा माझा आग्रह असतो, रोज एक फोटो.

न्यायचंच असेल तर रात्री किंवा पहाटे निघा. चारही बाजूंनी हवा जाईल असा पिंजरा, खाली टॉवेल, बर्फ केलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात, आणि निघण्याआधी चार-पाच तास पोट हलकं. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं नाही. आणि वाटेत चहाला थांबलात तर एकानं गाडीत एसी लावून बसायचं. बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-एक डिग्री चढतं, काच दोन बोटं खाली ठेवून काही फरक पडत नाही. मिसळ यायलाच पंधरा मिनिटं लागतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जिन्याखाली मांजर व्यायलीये, चार पिल्लं, डोळे पण उघडले नाहीत. जागा तापते. आम्ही पिल्लं घरात कूलरसमोर आणून ठेवावीत का? सेक्रेटरी म्हणतात पाणी-बिणी ठेवू नका, मच्छर होतात. – नवी मुंबई

पिल्लं उचलू नका, आणि कूलरसमोर तर नाहीच. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, थेट वाऱ्यात ती गारठतात, उन्हात तापतात, आई असेल तर ती बरोबर बघते. जागा फार तापली तर आई स्वतः एकेक उचलून हलवते, तुम्ही फक्त तिला सोय करून द्या : सावलीच्या बाजूला पुठ्ठ्याचं खोकं, दोन बाजूंना भोकं, आत जुनी सुती साडी, आणि ऊन येतं तिथे गोणपाटाचा पडदा. ती गेली तर गेली, नाहीतर नाही. आई बारा तास फिरकलीच नाही, पिल्लं गार पडून ओरडतायत, असं झालं तरच हात घाला, आणि मग गाईचं दूध न पाजता मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा.

आईला मात्र या दिवसांत दुप्पट खाणं आणि भरपूर पाणी लागतं. सेक्रेटरींचा मुद्दा चुकीचा नाही, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पण डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, तुम्ही परळ रोज सकाळी घासून पाणी बदललंत तर प्रश्नच येत नाही. वॉचमनच्या खुर्चीजवळ सावलीत ठेवा, बदलायचं काम कोणाचं ते वाटून घ्या आणि सेक्रेटरींना तसं लिहून द्या. आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की आईच्या नसबंदीचं बघा, दूध पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत दुसरी वीण, म्हणजे ऑक्टोबरच्या गर्मीत तुमचं पुन्हा मला हेच पत्र.